आवाज गेला कोठे?

वाचकहो, २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात आमच्या हातून एका तरुणावर अन्याय झाला. त्याचे मूळ शोधू जाता ते पडद्यास जोडलेल्या एका नव्या वायरीत सापडले. ती वायर आणि तिच्यामुळे मुका झालेला आमचा संगणक, यांची हकीकत आज सांगण्याचे योजिले आहे. हल्ली खेडोपाडी मुलांच्या अभ्यासासाठी संगणक आले आहेत, त्यांत अधूनमधून नवे भाग बसविले जातात, आणि भाग बसविल्यावर 'फादर, आवाज गेला' अशी तक्रार घेऊन आमच्या दारी येणारी कुटुंबेही आता थोडी नाहीत. त्यांतल्या बहुतेकांनी आमच्याकडे येण्यापूर्वीच दुकानदारास बऱ्यापैकी पैसे मोजलेले असतात.

आमचे गाव खानापूर तालुक्यात, रानाच्या कडेला आहे. कचेरीतील संगणकावर बाप्तिस्म्याच्या व विवाहांच्या नोंदी होतात, पत्रे लिहिली जातात, आणि गायनमंडळ आपल्या गीतांची ध्वनिमुद्रणे त्यावरच ऐकते. परंतु सायंकाळी पाच ते सात हा वेळ आम्ही एका मुलीसाठी राखून ठेवला आहे. ती जन्मापासून दृष्टिहीन आहे. बेळगावच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन ती त्या वेळी बँकेच्या परीक्षेची तयारी करीत होती. तिच्यासाठी संगणकावर एनव्हीडीए नावाची वाचक-प्रणाली बसविलेली आहे. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली तिच्या कामास आरंभ केला आणि जेम्स टेह हा त्याचा तसाच दृष्टिहीन मित्र त्याला येऊन मिळाला. ती विनामूल्य मिळते आणि पडद्यावरील मजकूर मराठीतही वाचून दाखविते. आपण जी कळ दाबतो तिचे नाव ती उच्चारते, जेथे आपण आहो ती जागा सांगते. डोळसाला पडदा जसा, तसा त्या मुलीला हा आवाज.

विंडोज १० या कार्यप्रणालीस मिळणारा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा आमच्या यंत्रावर विंडोज ११ घालणे प्राप्त झाले. त्याच सुमारास एका हितचिंतकाने आपले वापरलेले ग्राफिक्स कार्ड आम्हांस दिले. नाताळात गीतांचे शब्द मोठ्या पडद्यावर दाखविता यावेत, हा त्यातला हेतू होता. गावातील एक तरुण बेळगावात पदविकेचा अभ्यास करतो. त्याने एक शनिवार मोडून हे कार्ड बसविले, आठ जीबीची स्मृती सोळा केली, जुनी फिरती तबकडी काढून तिच्या जागी नवी एसएसडी घातली आणि विंडोज ११ चढविले. एक पैसाही त्याने घेतला नाही. रविवारी आम्ही यंत्र लावून पाहिले, तो पूर्वी पाच मिनिटे घेणारे ते यंत्र हातातले पाणी पिऊन होते न होते तोच तयार! आम्ही त्याची पाठ थोपटली. आवाज लावून पाहण्याचे आम्हां दोघांच्याही ध्यानात आले नाही. डोळे असणाऱ्यांचे हे असे होते.

सोमवारी पाच वाजता ती मुलगी आली. नित्याप्रमाणे खुर्चीवर बसून तिने वाचक-प्रणाली सुरू करण्याच्या तीन कळा दाबल्या. काही ऐकू आले नाही. तिने पुन्हा दाबल्या. मग ती बराच वेळ नुसती बसून राहिली आणि हळूच म्हणाली, "फादर, माझ्या हातून काही चुकीचे दाबले गेले का?" पडद्यावर सर्व काही ठीक चाललेले आम्हांस दिसत होते, तिच्यापुरते मात्र यंत्र बंद होते. परीक्षा जानेवारीत होती.

त्या रात्री तो तरुण धावत आला. आवाज नाही हे पाहून तो गांगरला. इंटरनेटवर 'सर्व ड्रायव्हर एके ठिकाणी' अशी जाहिरात करणारी जी दुकाने असतात, त्यांतल्या एकीवरून त्याने एकामागून एक तीन ड्रायव्हर उतरवून घातले. आवाज आला नाही तो नाहीच, उलट मायक्रोफोनही गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही यंत्र शहरातील एका दुरुस्तीच्या दुकानी पाठविले. तेथील गृहस्थांनी यंत्र न उघडताच निदान केले की मुख्य पाटीवरील, म्हणजे मदरबोर्डवरील, आवाजाचा भाग जळाला आहे, सबब पाटीच बदलावी लागेल. खर्च साडेसहा हजार. तो आकडा ऐकून आमचा तोल गेला. कचेरीत चार माणसे बसली असता आम्ही त्या तरुणास म्हणालो, "येत नव्हते तर हात कशाला लावलास?" तो एक शब्दही न बोलता निघून गेला.

बुधवारी ती मुलगी पुन्हा आली. आता यंत्र दुरुस्त होईपर्यंत काय करावे हे विचारण्यास ती आली होती. परंतु यंत्रास हात लावू का, असे तिने विचारले, आणि चाचपडत स्पीकरची वायर संगणकाच्या मागून काढली. स्पीकर चालू होते. वायरीच्या टोकाची ती चंदेरी पिन तिने बोटाने स्पर्शिली मात्र, तोच स्पीकरमधून 'घुंऽऽ' असा बारीक गुंजारव झाला. "फादर," ती म्हणाली, "हे तर जिवंत आहेत."

वाचकहो, ही परीक्षा ध्यानात ठेवण्याजोगी आहे. विजेवर चालणाऱ्या स्पीकरचा आवाज थोडा कमी करून, संगणकात खुपसावयाच्या पिनेच्या टोकास बोट लावावे. गुणगुण ऐकू आली की स्पीकर, त्यांची वीज आणि वायर ही तिन्ही शाबूत आहेत असे समजावे. (बोट लावावयाचे ते या पिनेस, विजेच्या प्लगास नव्हे, हे मुलांना निक्षून सांगावे.) आता दोष संगणकाच्या पोटात असला पाहिजे, एवढे निश्चित झाले. शहरातल्या दुकानाने जे केले नाही ते एका मुलीने एका बोटाने केले. मग आम्हांसही बसून विचार करण्याची बुद्धी झाली.

संगणकात आवाज हा आवाजाच्या रूपाने नसतो, अंकांच्या रूपाने असतो. चित्रफितीतील आवाजासाठी बहुधा सेकंदास ४८,००० अंक लागतात, आणि संगीताच्या तबकडीस ४४,१००. तेही डाव्या कानासाठी वेगळे आणि उजव्यासाठी वेगळे. हे अंक एका चिपेकडे जातात, ती त्यांची वीज करते, आणि ती वीज मागील हिरव्या भोकातून स्पीकरकडे जाते. आता विंडोजला या चिपेची भाषा येत नाही आणि चिपेला विंडोजची येत नाही. दोघांमध्ये जो दुभाष्या उभा असतो, त्यास ड्रायव्हर म्हणतात. कानडी आणि मराठी यांच्या सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपणांस दुभाष्याची महती निराळी सांगावयास नको. दुभाष्या नसला तर कचेरीतले काम अडते. चुकीचा असला तर भलत्याच गोष्टीवर अंगठा उठतो. आणि दोन दुभाषे एकदम बोलू लागले, तर अर्जदाराने घरी जावे हे बरे!

परंतु आमच्या यंत्रात प्रथम घडले ते याहून साधे होते. पूर्वी आमचा पडदा निळ्या टोकाच्या, दोन स्क्रूंनी आवळावयाच्या व्हीजीए वायरीने जोडलेला असे. त्या वायरीतून केवळ चित्र जाते. नव्या कार्डाबरोबर एचडीएमआय वायर आली. या वायरीची पद्धती २००२ साली ठरली, आणि तिच्यातून चित्र व ध्वनी हे दोन्ही एकत्र जातात. म्हणजेच ग्राफिक्स कार्ड हे नुसते चित्रकार नसते; त्याच्या पोटात आवाज पाठविणारा एक स्वतंत्र भागही असतो. कार्ड बसताच विंडोजच्या यादीत आवाजाची एक नवी वाट उघडली, आणि सर्व आवाज त्या वाटेने पडद्याकडे जाऊ लागला. आमच्या पडद्यास स्पीकरच नाहीत! आवाज नाहीसा झालेला नव्हता. रोज सायंकाळी तो एका मुक्या पडद्याच्या दारी जाऊन उभा राहत होता.

उपाय म्हणाल तर अर्ध्या मिनिटाचा. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाजवळ, जे कर्ण्याचे चित्र असते त्यावर उजवी कळ दाबून ध्वनीची 'सेटिंग्ज' उघडावी. तेथे आवाज कोठे वाजवावयाचा याची यादी दिसते. तीत पडद्याचे नाव निवडलेले असेल, तर ते सोडून स्पीकरचे निवडावे. आम्ही ते निवडले, आणि तीन दिवसांच्या मौनानंतर यंत्र बोलले.

बोलले खरे, पण ते फाटक्या आवाजात. शब्द तुटत होते, मधूनच खरखर होई, आणि मायक्रोफोन तर नव्हताच. येथे त्या रात्रीच्या तीन दुभाष्यांची गाठ पडली.

थोडे विषयांतर करतो. आम्ही सेमिनरीत होतो तेव्हा तेथे एक जुनाट संगणक होता. त्यात आवाजाचे कार्ड वेगळे बसवावे लागे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ साली 'साउंड ब्लास्टर' नावाचे कार्ड काढल्यापासून तशी कार्डे फार पसरली होती. त्या काळी प्रत्येक उपकरणाने संगणकाच्या मेंदूचे लक्ष वेधण्यासाठी ओढावयाच्या घंटेच्या दोऱ्या मोजक्या असत: शून्यापासून पंधरापर्यंत, अशा सोळा. शून्य घड्याळाची, एक कळफलकाची, सहा फ्लॉपीची, चौदा हार्ड डिस्कची, आणि सात क्रमांकाची बहुधा छापणाऱ्या यंत्राची. आवाजाच्या कार्डास पाच किंवा सात द्यावी लागे. ती देण्यासाठी कार्डावरील टाचणीएवढ्या दोन खिळ्यांवर एक चिमुकली टोपी चढवावयाची. आमच्या कार्डास कोणीतरी सात दिली होती. परिणामी पत्रके छापावयास घेतली की गाणे अडखळे, आणि गाणे लावले की छपाई रुसे. आम्ही दोन सहाध्यायी एक सबंध सुटी त्या टोपीवर खर्ची घालून शेवटी ती पाचावर नेली, तेव्हा आमच्या विजयाचे कौतुक स्वयंपाकघरापर्यंत झाले. १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ ने हे वाटप आपणच करण्याची प्रथा पाडली, आणि पुढे पीसीआय एक्स्प्रेस पद्धतीत उपकरणे दोरी ओढण्याऐवजी निरोपच पाठवू लागली. त्यामुळे घंटेच्या दोऱ्यांवरून होणारी भांडणे आता जवळजवळ मिटली आहेत. राहिली ती दुभाष्यांची.

डिव्हाइस मॅनेजर उघडून पाहिले. (स्टार्टच्या चित्रावर उजवी कळ दाबली की तो यादीत सापडतो.) त्यातील ध्वनीच्या विभागात चार नावे होती. एकावर पिवळा त्रिकोण व त्यात उद्गारचिन्ह. खाली क्रमांक दहा, म्हणजे हे उपकरण सुरू होऊ शकत नाही. क्रमांक अठ्ठावीस असता तर ड्रायव्हर घातलेलाच नाही असा अर्थ झाला असता. त्या त्रिकोणाकडे पाहून लोक घाबरतात. वस्तुतः तो आपला मित्र आहे, कारण तो निदान क्रमांक तरी सांगतो. उरलेल्या तिघांपैकी एक ग्राफिक्स कार्डाचा, आणि दोन आमच्या पाटीच्या चिपेचे म्हणविणारे, परंतु त्यांतील एक भलत्याच मालिकेच्या पाटीसाठी लिहिलेला.

येथे नव्याने आणखी काही घालण्याचा मोह होतो. तो आवरावा. जुना दुभाष्या पाठीमागे उभाच असताना नवा आणून काय उपयोग? आम्ही प्रथम परतीचा मार्ग राखण्यासाठी विंडोजचा 'रिस्टोर पॉइंट' करून ठेवला. मग त्या ऑडिओच्या एकेका नावावर उजवी कळ दाबून 'अनइन्स्टॉल' निवडले. त्या वेळी एक लहानसा चौकोन दिसतो: या उपकरणाचा ड्रायव्हरही काढून टाकण्याचा प्रयत्न करावा काय? त्या चौकोनात खूण करावयास हवी. ती न केल्यास दुभाष्या केवळ दाराआड जातो आणि यंत्र पुन्हा सुरू होताच आत येतो. तो तरुण त्या रात्री याच ठिकाणी फसला होता. त्याने दोनदा काढलेला ड्रायव्हर दोनदा परत आला होता, आणि त्याला वाटले की चिपच बिघडली.

सर्व काढून यंत्र पुन्हा सुरू केले. तेव्हा यादीत 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' असे एकच साधे नाव आले. इंटेल कंपनीने २००४ साली आवाजाच्या चिपांसाठी एक सामाईक बोली ठरविली. नंतरच्या बहुतेक पाट्यांवरील चिपा ती बोली जाणतात, म्हणून विंडोजच्या पदरचा साधा दुभाष्याही त्यांच्याशी कामापुरते बोलू शकतो. त्याच्याकडून आवाज स्वच्छ आला, की चिप धडधाकट आहे असे जाणावे. आमचा आवाज स्वच्छ आला. साडेसहा हजारांची पाटी मुळीच जळालेली नव्हती.

पुढची पायरी अशी की, योग्य ड्रायव्हर पाटीच्या निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, नेमका नमुना पाहून घ्यावा. नमुन्याचे नाव पाटीवरच छापलेले असते, किंवा यंत्र न उघडता विंडोजच्या 'सिस्टिम इन्फर्मेशन' मध्ये 'बेसबोर्ड' या शब्दापुढे वाचावयास मिळते. आधी चिपसेटचा ड्रायव्हर, मग आवाजाचा. आणि दोहोंच्या मध्ये यंत्र एकदा बंद करून सुरू करावे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो कागदावर लिहावा. आमच्या तरुणाने एका रात्रीत तीन बदल केले होते, म्हणून कोणत्याने काय झाले हे त्याला कळण्यास मार्गच उरला नव्हता. मायक्रोफोन दुसऱ्या पायरीनंतर परत आला.

शुक्रवारी सायंकाळी ती मुलगी पूर्वीप्रमाणे आपल्या जागी बसली. आम्ही समाधानाने नोंदवही उघडली. दहा मिनिटे झाली असतील. ती म्हणाली, "फादर, मधूनमधून एक 'टिक्‌' होते." आम्ही कान देऊन ऐकले, आम्हांस काही ऐकू येईना. "आता झाले," ती म्हणाली, आणि पुन्हा काही वेळाने, "आता." ती वाचक-प्रणालीचा आवाज अतिशय भरधाव ठेवून ऐकते, इतका की आम्हांस तो पाखरांचा कलकलाट वाटतो. त्या वेगात एक टिक्‌ म्हणजे एक अक्षर गिळले जाते, आणि गणिताच्या प्रश्नात ते अक्षर एखादा अंक असू शकतो.

हा दोष समजण्यास आपल्याकडील शाकारणीचे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. पावसाळ्यापूर्वी घरावर कौले चढविताना माणसे ओळीने उभी राहतात आणि कौल हातोहात वर जाते. विंडोजही आवाजाचे अंक असेच लहान जुड्या करून पाठवीत असते. साधारणतः एक जुडी एका सेकंदाच्या शंभराव्या भागाची, म्हणजे ४८,००० च्या हिशेबाने ४८० अंकांची असते. ओळीतला एखादा गडी शेजाऱ्याशी बोलत राहिला तर वरच्या गवंड्याचे हात रिकामे राहतात. तसे कोणा दुसऱ्याच ड्रायव्हरने मेंदूला नको तितका वेळ अडवून धरले, तर पुढची जुडी वेळेवर पोहोचत नाही, आणि ती रिकामी जागा 'टिक्‌' म्हणून ऐकू येते. अपराधी आवाजाचा ड्रायव्हर असतोच असे नाही. ग्राफिक्सचा असू शकतो, पुष्कळदा वाय-फायचा असतो. लेटन्सीमॉन नावाचे एक साधन कोणता ड्रायव्हर किती वेळ अडवितो हे दाखविते. तेही नसल्यास संशयितांस एकेक करून बाहेर उभे करावे.

आम्ही वाय-फाय बंद केले आणि तिला म्हणालो, "ऐक." दहा मिनिटे ती ऐकत राहिली. एकही टिक्‌ झाले नाही. वाय-फाय सुरू केले. तिने बोट वर केले. पुन्हा बंद, पुन्हा शांत. आमच्या वाय-फायची ती अंगठ्याएवढी यूएसबी कांडी जुनी होती, आणि विंडोज ११ वरही तिचा जुनाच ड्रायव्हर चालत आला होता. नवा घातल्यावर दोष गेला. या सबंध तपासात आमचे डोळे आणि तिचे कान असे काम चालले होते, आणि कानांवाचून डोळ्यांस काहीच कळले नसते.

प्रत्येक घरी हेच कारण असेल असे नाही, म्हणून आणखी काही स्थळे सांगून ठेवतो. भाग बसविताना पेटी उघडली जाते, आणि पुढच्या बाजूच्या हेडफोनच्या भोकाकडे जाणारी नऊ टाचण्यांची बारीक जोडणी हाताचा धक्का लागून निसटते. मागे आवाज येतो आणि पुढे येत नाही, असे असेल तर प्रथम ती पाहावी. मागील भोकांत हिरवे स्पीकरचे, गुलाबी मायक्रोफोनचे, निळे बाहेरून ध्वनी आत घेण्याचे. टेबलाखाली वाकून अंधारात वायर लावताना हिरव्याऐवजी निळ्यात जाणे अगदी सोपे आहे. आपल्याकडच्या पावसात पिनेवर थर धरतो, तो कोरड्या फडक्याने पुसावा. पाटी बदलली असेल किंवा तिची बॅटरी काढली असेल, तर बायोसमध्ये आवाजाचा भाग बंद तर झाला नाही ना हे पाहावे, कारण तेथे बंद असलेले उपकरण विंडोजला दिसतच नाही. आवाज घुमल्यासारखा किंवा विहिरीतून आल्यासारखा वाटत असेल, तर आवाज 'सुधारणारी' जी योजना ध्वनीच्या सेटिंग्जमध्ये असते, ती बंद करून पाहावी. आमच्या मते ती सुधारणा बहुधा बिघाडच असते. पण ज्याचा त्याचा कान.

आणि दुकानदार पाटी जळाली असे सांगू लागला, तर पैसे मोजण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन, ती यंत्रात न बसविता, पेनड्राइव्हवरूनच संगणक सुरू करता येतो. तेथे आवाज आला तर भाग शाबूत आहे आणि दोष विंडोजमधील दुभाष्यांचा आहे. मात्र तेथे आवाज आला नाही म्हणून लगेच भाग जळाला असेही म्हणू नये. लिनक्समध्येही आवाज दुसऱ्या वाटेने जात असू शकतो. पाटीवरील भाग खरोखरच गेला असला, तरी सबंध पाटी बदलण्याचे कारण नाही. काही शे रुपयांत यूएसबीवर चालणारे आवाजाचे लहान कार्ड मिळते, आणि त्याची बोलीही सामाईक असल्याने विंडोजला वेगळा दुभाष्या बहुधा शोधावा लागत नाही.

असो. शनिवारी आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो. आईने चहा ठेवला. तो आतल्या खोलीतून लवकर बाहेर येईना. आला तेव्हा आम्ही त्याला जे सांगावयाचे ते सांगितले, आणि रविवारी कचेरीत तीच चार माणसे बसली असता पुन्हा सांगितले. कारण बोल त्यांच्या देखत लावला होता. त्याने आमच्या कागदावरील टिपणे वाचली, चौकोनात खूण करण्याच्या ओळीवर बोट ठेवले, आणि "एवढेच होते होय!" असे म्हणून हसला. आता त्याने कचेरीत एक वही ठेवली आहे. यंत्रात काय बसविले, कोणता ड्रायव्हर कोणत्या तारखेस घातला, हे तो तीत लिहितो, आणि काम संपल्यावर आवाज लावून पाहिल्याची खूणही करतो.

त्या मुलीने मात्र एक अडचण काढली. नाताळात मोठा पडदा जोडला जाईल तेव्हा आवाज पुन्हा भलतीकडे गेला, तर तिने काय करावे? यंत्र मुके असताना तिला यादी कोण वाचून दाखविणार? विंडोज ११ मध्ये विंडोजची कळ, कंट्रोल आणि व्ही या तीन कळा एकदम दाबल्या, की आवाजाच्या वाटांची यादी उघडते. आम्ही पडद्याकडे पाहून मोजले आणि स्पीकरच्या नावापर्यंत पोहोचण्यास कोणती कळ किती वेळा दाबावी हे तिला सांगितले. तिने आम्हांस आवाज मुद्दाम पडद्याकडे वळवावयास लावला. यंत्र मुके झाले. तिने कळा मोजून दाबल्या, एन्टर दाबले, आणि थांबली. यंत्र बोलले. "पुन्हा बंद करा, फादर," ती म्हणाली. असे तिने आमच्याकडून सात वेळा करविले.